श्वानाच्या अंगावरचा हात

काशी म्हटली म्हणजे मराठी माणसाला प्रथम आठवते ते विश्वेश्वराचे देऊळ, मग गंगेचे घाट, मग मणिकर्णिकेवरचा कधीही न विझणारा अग्नी. काशीच्या कुत्र्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. वास्तविक ज्या देवाच्या दर्शनावाचून काशीयात्रा पुरी झाली असे भाविक मानीत नाहीत, त्या काळभैरवाचे वाहन श्वान हेच आहे. ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक छेदल्यावर ते कपाल भैरवाच्या हाताला चिकटून राहिले, आणि तीर्थोतीर्थी हिंडून अखेर काशीत आल्यावरच ते गळून पडले, अशी पुराणकथा आहे. तेव्हापासून भैरव हा ह्या नगरीचा कोतवाल झाला. त्याचे आजचे देऊळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने उभे राहिले. म्हणजे काशीच्या कोतवालाचे घर मराठ्यांनी बांधले असे म्हणण्यास हरकत नाही. कार्तिक वद्य अष्टमीला, उत्तरेकडील गणनेप्रमाणे मार्गशीर्षातील अष्टमीला, तेथे मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी कुत्र्याला खाऊ घालणे पुण्याचे समजतात.

परंतु खाऊ घालणे निराळे आणि न्हाऊ घालणे निराळे. पहिल्यासाठी हात लांब करावा लागतो, दुसऱ्यासाठी तो अंगावर ठेवावा लागतो. आज शहरांतून घरोघर कुत्री पाळली जातात. त्यांचे स्नान, केस विंचरणे, कातरणे, नखे काढणे ह्यांसाठी दुकाने निघाली आहेत, आणि त्यांचे दर ऐकून पुष्कळ गृहस्थ हे काम घरच्या घरी शिकू लागले आहेत. पैसा वाचावा एवढाच त्यांचा हेतू असतो, आणि तो वाजवीच आहे. तथापि ह्या साध्या घरगुती काटकसरीच्या मागे एक लांबलचक इतिहास आहे. कुत्र्याच्या अंगाला हात कोणी लावावयाचा, हा प्रश्न आपल्या देशात दोन हजार वर्षे केवळ खर्चाचा नव्हता. त्या इतिहासाचे बरेचसे धागे काशीतून जातात.

जातककथांतील राजा ब्रह्मदत्त वाराणसीचाच. कुक्कुरजातकात अशी गोष्ट आहे की, राजाचा रथ पावसात अंगणात उभा राहिला, चामडी साज भिजला, आणि रात्री कुत्र्यांनी तो कुरतडून खाल्ला. सेवकांनी सांगितले की, बाहेरची कुत्री मोरीवाटे आत शिरली. राजाने आज्ञा केली, दिसेल ते कुत्रे मारावे. त्यातून सूट होती ती फक्त राजवाड्यात वाढलेल्या कुलीन कुत्र्यांना. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या, जो पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व, तो थेट राजासमोर गेला आणि त्याने विचारले, दोष कोणाचा हे तपासले काय? ताकात दर्भ कालवून तो राजवाड्यातील कुत्र्यांना पाजण्यास त्याने सांगितले. आणि त्यांच्याच पोटातून चामड्याचे तुकडे बाहेर पडले. कथेचा उपदेश राजाच्या न्यायाविषयी आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. ही कथा रचली गेली त्या काळी कुत्र्यांचे दोन वर्ग झालेलेच होते. एक वर्ग रूपवान, पोसलेला, घरात वाढलेला; दुसरा स्मशानातला. ज्याच्या अंगावरून हात फिरे तो निर्दोष आणि ज्याच्या अंगाला कोणी शिवत नसे तो अपराधी, अशी समजूत तेव्हाही होती. मुंबईत कुत्रे मारण्याबद्दल आठ आणे बक्षीस लागले आणि जून १८३२ मध्ये त्यावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, तेव्हाही पकडणारे लोक पैशाच्या आशेने घरची कुत्री ओढून नेतात, अशीच तक्रार होती. बोधिसत्त्वाचा प्रश्न विचारण्यास तेथे मात्र कोणी म्होरक्या नव्हता.

दुसरी एक लहानशी कथा सुनखजातकात आहे. वाराणसीतील एका माणसाचे कुत्रे भातावर पोसलेले, अंगाने भरलेले होते. एका खेडुताने एक उत्तरीय आणि एक नाणे देऊन ते विकत घेतले आणि चामडी वादीने बांधून नेले. वाटेत रानात रात्र पडली. जवळून जाणाऱ्या एका शहाण्याने कुत्र्याला विचारले, ही वादी तू तोडीत का नाहीस? कुत्रे म्हणाले, तोडणारच आहे; लोक झोपण्याची वाट पाहतो आहे. आणि लोक झोपताच ते वादी तोडून आपल्या जुन्या धन्याच्या घरी वाराणसीला परत गेले. कुत्र्याला किंमत असते आणि त्याला घरही असते, ह्या दोन्ही गोष्टी त्या काळच्या काशीकराला ठाऊक होत्या असे ह्यावरून दिसते.

धर्मशास्त्राने मात्र वेगळी वाट धरली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच ह्यांनी गावाबाहेर राहावे असे सांगून कुत्री आणि गाढवे हेच त्यांचे धन ठरविले आहे. श्वपच ह्या शब्दातच कुत्रे आहे. म्हणजे समाजाने एका जनावराला आणि एका माणसाला एकाच कुंपणाबाहेर उभे केले. एकाचा स्पर्श दुसऱ्यामुळे दूषित ठरला आणि दुसऱ्याचा पहिल्यामुळे. शिकारीला आणि राखणीला कुत्री तर हवीच होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुरणांची राखण करणारे श्वानपथकांचे शिकारी आहेत. राजदरबारातही कुत्र्यांचा शौक होता. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात सारमेयविनोद असा एक भागच आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील कुत्री, त्यांचा बांधा, रंग, केस, शिकारीतील गुण ह्यांची त्यात राजाच्या नजरेने केलेली पारख आहे. श्रीगोंदेकरांनी तो ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत संपादित केला, त्यामुळे तो आज वाचावयास मिळतो. राजा पाहतो, निवडतो, कुत्रे सोडण्याचा इशारा करतो. दोरी दुसऱ्याच्या हाती असते. त्या दुसऱ्याने काही लिहून ठेवले नाही.

काशीतच ह्या कुंपणाला धक्का बसल्याची एक कथा आहे. आद्य शंकराचार्य गंगेवर स्नानाला निघाले असता वाटेत चार कुत्री घेऊन एक चांडाळ समोर आला. आचार्यांनी त्याला बाजूस होण्यास सांगितले. तो म्हणाला, बाजूस कोणी व्हावे, ह्या देहाने की आतल्या आत्म्याने? आचार्य निरुत्तर झाले आणि त्यांनी त्याला गुरू मानले. मनीषापंचक हे स्तोत्र ह्या प्रसंगाशी जोडले जाते. परंपरेने पुढे त्या चांडाळाला विश्वनाथ आणि चार कुत्र्यांना चार वेद ठरविले. दत्तात्रेयाच्या पायाशी बसलेली चार कुत्रीही आपल्याकडे वेदच समजली जातात. ही रूपके सुंदर आहेत ह्यात शंका नाही. परंतु कुत्र्याला वेद केले, चांडाळाला शंकर केले, की खरे कुत्रे आणि खरा चांडाळ पुन्हा रस्त्यावरच राहतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

मराठी संतांनी अशा रूपकावर भागविले नाही. नामदेवाच्या ताटातील पोळी कुत्र्याने पळविली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावला, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात कुत्रे हे कुत्रेच आहे, आणि पोळीही पोळीच. एकनाथांचा तर ह्या विषयात काशीशी साक्षात संबंध आहे. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका १५७३ साली काशीतच पूर्ण केली. त्या स्कंधाच्या एकोणतिसाव्या अध्यायात उद्धवाला असा उपदेश आहे की, लोक हसले तरी हसोत, लाज सोडून कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव ह्या सर्वांना भूमीवर दंडवत घालावा. ज्या नगरीत आचार्यांची वाट चांडाळाने अडविल्याची कथा सांगत, त्याच नगरीत बसून पैठणच्या ब्राह्मणाने हा उपदेश मराठी ओव्यांत उलगडला. त्या श्लोकात कुत्रा आणि चांडाळ एकमेकांशेजारीच उभे आहेत, पण येथे ते कुंपणाबाहेर नाहीत.

सरदारी मराठ्यांच्या काळात कुत्र्याला मानमरातब मिळाल्याचेही उदाहरण आहे. सातारच्या शाहू महाराजांचे खंड्या नावाचे कुत्रे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचविले, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असे ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात नमूद केले आहे. भर दरबारात महाराजांनी त्याला जरीचा पोशाख आणि दागिने घातले आणि आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, हेही त्यानेच लिहिले आहे. संगम माहुलीला खंड्याची समाधी आजही दाखवितात. डफला हा प्रकार चमत्कारिक वाटला. मराठी माणसाला त्यात कृतज्ञता दिसते. पालखीला माणसे नेमली होती तशी खंड्याच्या अंगाची निगा राखावयासही कोणी असणारच. पण बखरकारांची लेखणी पगडीपाशी थांबते.

ज्याच्या हाती खरोखर कुत्र्याचे अंग असे त्याला नाव मिळाले ते कंपनी सरकारच्या अमदानीत. ते नाव डोरिया. डोर म्हणजे दोरी, आणि दोरी धरणारा तो डोरिया. यूल आणि बर्नेल ह्यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा शब्द आहे. साहेबाच्या बंगल्यावर खानसामा, भिस्ती, धोबी, माळी, साईस, मेहतर अशी नोकरांची उतरंड असे. मोठ्या घरी कुत्र्यांसाठी वेगळा डोरिया ठेवीत. लहान घरी ते काम मेहतराच्या गळ्यात पडे. वरच्या जातीचा नोकर साहेबाचे बूट पुशील, घोड्याला खरारा करील, पण कुत्र्याला न्हाऊ घालणार नाही, हे साहेबाला आल्याबरोबर कळे. वाराणसीत शहराबाहेर सिकरौल येथे छावणी होती. तिच्या बंगल्यांतूनही चाल हीच होती. गल्लीत काळभैरवाच्या वाहनाला नमस्कार करणारी माणसे होती, आणि दोन-तीन मैलांवर त्याच जनावराच्या अंगाची गोचीड काढणारा माणूस होता. त्याच्या हाताला कुत्र्याचा विटाळ, म्हणून त्या हातचे पाणी कोणी पीत नसे.

हे काम हलके मानले गेले, पण ते सोपे मुळीच नव्हते. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर ह्या दोन मडमांनी हिंदुस्थानातील घर कसे चालवावे ह्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. गायी, कोंबड्या, बाग ह्यांच्याबरोबर कुत्र्यांवरही त्यात प्रकरण आहे. अशा पुस्तकांतून हुकूम कोणते द्यावे हे कळते. ते हुकूम अमलात आणणाऱ्याचे ज्ञान त्यात उतरत नाही. विलायती लांब केसांचे कुत्रे वैशाखाच्या उन्हात कसे जगवावे, पावसाळ्यात कानात पू होऊ नये म्हणून काय करावे, कुत्रे चावणार आहे हे त्याच्या कानांवरून कसे ओळखावे, हे सारे डोरियाच्या बोटांत होते. ते बापाकडून मुलाकडे गेले आणि बंगल्यांबरोबर बरेचसे संपले. आपल्या कारागिरीच्या इतिहासात चर्मकार, कुंभार, विणकर ह्यांना निदान थोडी जागा मिळाली आहे. डोरियाला तेवढीही नाही.

पॅरिसमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हाच धंदा उघड्यावर चाले. सीन नदीवरील पाँ न्योफ पुलाच्या आसपास कुत्री भादरणारे स्त्री-पुरुष पेटी आणि कात्री घेऊन बसत. चित्रकारांनी त्यांची चित्रे काढली आहेत. काशीच्या घाटांवर यात्रेकरूंचे क्षौर करणारे नापित असेच ओळीने बसतात. दोन नद्या, दोन घाट आणि हत्यारेही जवळजवळ तीच. पण गंगेवरच्या नापिताला कुत्र्याचे केस काढण्यास सांगितले असते तर काय झाले असते, ह्याची कल्पना श्रोत्यांनी करावी.

स्वातंत्र्यानंतर बंगल्यांतील नोकरांचे ताफे सरले. कुत्रे मात्र राहिले, आणि बंगल्यातून चाळीत, चाळीतून सदनिकेत आले. आपल्याकडे घरोघर जे पांढरे, झुबकेदार शेपटीचे ‘पामेरियन’ दिसत असे, ते बहुधा भारतीय स्पिट्झ; लहान जागेत राहणारे, थोडे खाणारे, पण केसांनी भरगच्च. त्याला न्हाऊ कोण घालणार? उत्तर एकच होते, घरातीलच कोणी तरी. पूर्वी ज्या घरात कुत्रे ओसरीवर चढले तर सडा घालीत, त्याच घरातील मुलगी मोरीत बसून त्याच्या पोटाखालचा साबण धुऊ लागली. ह्या बदलाची कोणी चळवळ केली नाही, त्यासाठी परिषदा भरल्या नाहीत. काही अंशी तो केवळ परवडत नाही म्हणून झाला. विटाळ मोडण्याच्या कामी काटकसरीने सुधारकांना न विचारता केलेली मदत आपल्या सामाजिक इतिहासात थोडी अधिक मोजली गेली पाहिजे.

आता ह्या विद्येचेच थोडे. शिकणारा बहुधा पाण्यापासून सुरुवात करतो. ते उलटे होय. विंचरणे आधी, पाणी नंतर; कारण गुंता भिजला की नमद्यासारखा घट्ट बसतो आणि मग कात्रीवाचून सुटत नाही. माणसाचा साबण कुत्र्याला मानवत नाही, त्याची कातडी आपल्याहून पातळ आणि कमी आम्लधर्मी असते. गोचिडीसाठी फिनेल किंवा रॉकेल चोळण्याची जुनी चाल तर घातकच; कुत्रे अंग चाटते आणि विष पोटात जाते. वाराणसीचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो. तो पाहून स्पिट्झचे सगळे केस भादरून टाकावेत असे दयाळू माणसाला वाटते. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग निववते, आणि वरचे केस उन्हाला आडही येतात. काढावयाची ती आतली गळलेली लव, आणि ती फणीने निघते. विजेवर चालणारे केस कापण्याचे यंत्र अमेरिकेत लिओ वाल ह्याने १९१९ च्या सुमारास तयार केले. तसली यंत्रे आता घरोघर असतात. पण त्याचे पाते चालता चालता तापते आणि कातडी भाजते, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे.

ह्या कामाचा सर्वांत मोठा लाभ मात्र पैशात मोजता येत नाही. तो म्हणजे तपासणी. गोचिडीतून होणारे ताप आपल्या हवेत कुत्र्यांचे मोठे शत्रू आहेत. त्यांतील एकाचा जंतू, बबेसिया गिब्सोनी, १९१० साली पॅटनने मद्रासकडील शिकारी कुत्र्यांच्या रक्तात ओळखला. तपकिरी गोचिडीची एक मादी हजारो अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर नव्हे, भिंतीच्या फटीत. म्हणून नुसते कुत्रे धुऊन भागत नाही. कानांच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, मानेखालचा पट्टा, शेपटीचे मूळ येथे रोज बोट फिरले पाहिजे. महिन्यातून एकदा दुकानात नेलेल्या कुत्र्याच्या अंगावरून हे बोट बारा वेळा फिरते. घरी ते तीनशे पासष्ट वेळा फिरू शकते. गाठ, जखम, चट्टा, तापलेली कातडी प्रथम त्याच बोटाला लागते. पुढचे काम पशुवैद्याचे. तेथे काटकसर करू नये. रेबीजची लस तर मुळीच चुकवू नये.

राहता राहिली नखे. नवशिक्याला भीती वाटते ती ह्यांचीच, आणि ती अनाठायी नाही. पांढऱ्या नखात आतला लालसर जिवंत भाग दिसतो, त्याच्या अलीकडे कापावे. काळ्या नखात तो दिसत नाही, म्हणून थोडे थोडे, टोकाकडूनच कापीत जावे. रक्त आलेच तर न्हाव्याची तुरटी येथेही कामास येते. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, जरा वर, आणखी एक नख असते. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही, आणि दुर्लक्षिले तर वळत वळत मांसात शिरते. लांब केसांच्या कुत्र्यात ते डोळ्यांना दिसतच नाही. हाताने चाचपूनच शोधावे लागते.